सासूबाईंची थाळी

माणसानं रविवारी दुपारी, भरल्या पोटी, कुणाला काही कबूल करू नये. तोंडात घास आहे तोवर धोका नसतो, कारण बोलताच येत नाही. पण घास संपला, खुर्ची जरा मागे सरकवली, कमरेचा पट्टा एक भोक सैल केला, की माणूस उगाच उदार होतो आणि म्हणतो, "हात्तिच्या, त्यात काय मोठंसं!" मीही तेच म्हणालो. पुढे सगळा वसंत ऋतू माझी जी धिंड निघाली, तिचं मूळ या एका वाक्यात आहे.

मी पांडेलिस. नेआ मिरिनाच्या मुख्य चौकात माझं चष्म्याचं दुकान आहे. अथेन्सहून निघालेल्या बसमध्ये तुम्हाला डुलकी लागली, तर शेवटच्या थांब्यावर कंडक्टर जिथे हलवून उठवतो ते आमचं गाव. आमचे आजे-पणजे समुद्रापलीकडून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आले, आणि डोक्यावर पत्रा चढायच्या आत त्यांनी क्रीडामंडळ काढलं. आधी मंडळ, मग चर्च, मग घरं आणि सगळ्यात शेवटी गटारं. गटारांचं काम अजून चालू आहे. त्यामुळे खेळ आमच्या रक्तात आहे असं म्हणतात. माझ्या रक्तात साखर आहे, पण तो विषय वेगळा.

तर त्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष योर्दानिस घरी आले. त्यांचं मिठाईचं दुकान आहे, म्हणून ते कधी रिकाम्या हातानं येत नाहीत आणि कधी कामाशिवायही येत नाहीत. बदामाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवून ते माझ्या सासूबाईंना म्हणाले, "एवान्थियाबाई, मंडळाला शंभर वर्षं होतायत. तुमचा सत्कार करायचाय. मंचावर बसायचं, स्मृतिचिन्ह घ्यायचं, दोन शब्द बोलायचे."

"स्मृतिचिन्ह पुसणार कोण?" सासूबाई म्हणाल्या. "या घरात आहे त्या वस्तू कुणी पुसत नाही."

माझी बायको देस्पिना खाली मान घालून वडी खात राहिली.

"मग काय हवं तुम्हाला, तुम्हीच सांगा."

"मी थाळी फेकणार."

"कुठली थाळी?"

"फेकायची. माझ्या वर्तुळातून. आणि पंच म्हणून त्या प्रोद्रोमोसला उभा करायचा."

अध्यक्षांना वडीचा ठसका लागला. पाठीत चार धपके घातल्यावर त्यांचा श्वास परत आला.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला चळ लागला. सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि तरुणपणी त्यांनी मंडळासाठी थाळीफेकीत सगळ्या उपनगरांना पाणी पाजलं होतं. शेवटच्या स्पर्धेत त्यांची थाळी मैदान ओलांडून योर्दानिसच्या वडिलांच्या अंगणात जाऊन पडली. एवढी लांब आमच्याकडे कुणी फेकली नव्हती, पुरुषांनीसुद्धा. पण पंच होता प्रोद्रोमोस. त्यानं लाल झेंडा दाखवला. पाय वर्तुळाबाहेर गेला म्हणे. फेक बाद झाली, मोजलीसुद्धा नाही. त्यानंतर सासूबाईंचं लग्न झालं, मूल झालं, नवरा गेला, सरकारं आली नि गेली, चलन बदललं, पण "पाय आतच होता" हे वाक्य बदललं नाही. आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना म्हणतात आणि जेवणानंतर ते वाक्य.

आणि माझं दुर्दैव असं, की हा प्रोद्रोमोस माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाइतक्या जाड आहेत. तो दुकानात आला की सासूबाई आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसतात. "आता चष्मा लावून काय उपयोग?" असं भिंतीला सांगतात. "लावायचा तेव्हा लावला नाही." तो बिचारा "नमस्कार, एवान्थिया" म्हणतो. भिंत उत्तर देत नाही. दोघं एका गल्लीत राहतात, एका चर्चमध्ये जातात, पण हा संवाद एवढाच.

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "बाई, समारंभ झाला की मैदान जाणार. प्लास्टिकचं गवत टाकून फुटबॉलची भाड्याची छोटी छोटी पटांगणं होणार. थाळी, गोळा, भाला, सगळ्यांची सुट्टी. आणि ते वर्तुळ तरी आता कुठे..."

"म्हणूनच म्हणते. मैदान जायच्या आधी एकदा. तो पंच, मी आणि ते वर्तुळ. मग खुशाल गवत टाका, नाहीतर गाजरं लावा."

हे बोलताना त्यांचा आवाज जरासा हलला. फार नाही, पण तेवढ्यानं मी वितळलो. खुर्ची मागे सरकवून मी ते वाक्य बोललो.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही करणार? तुमच्याच्यानं बाथरूमचा नळ होत नाही."

बस्स. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तेव्हा कळलं की वर्तुळ आहे, पण त्याच्यावर पुतळा आहे. कुणा एका माजी नगराध्यक्षाला गावाच्या क्रीडापरंपरेचा गौरव करायची हुक्की आली होती. त्यानं थाळीफेक्याचा नागडा पुतळा करवून घेतला आणि जागा शोधताना सगळ्यांना एकच जागा योग्य वाटली: जिथून थाळी फेकतात ती. त्या दिवसापासून नेआ मिरिनात कुणी थाळी फेकलेली नाही. पुतळा बनवला होता नगराध्यक्षाच्या मेहुण्यानं, जो एरवी बागेतली कारंजी करायचा. त्यामुळे थाळीफेक्याचे गाल फुगलेले आहेत आणि आता तोंडातून पाणी उडेल असं सारखं वाटतं.

आमच्या वरच्या मजल्यावर कॅप्टन स्तमातिस राहतात. बोटीवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण दोरखंडानं सुटते.

"माझं ऐक, पांडेलिस," ते म्हणाले. "चौथऱ्याखाली ऑलिव्हचं तेल ओतायचं, पुतळ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दहा माणसांनी ओढायचं. परवानगी-बिरवानगीच्या फंदात पडू नकोस. या देशात परवानगी मागितली की मगच गुन्हा होतो."

मी त्यांचं ऐकलं नाही. मी सुशिक्षित माणूस. मी नगरपालिकेत गेलो.

खिडकीशी वासोबाई होत्या. त्यांच्यासमोर बर्फाची कॉफी आणि माझा अर्ज, दोन्ही घाम गाळत होते.

"पुतळा हलवायचाय," त्या म्हणाल्या. "प्राचीन आहे का?"

"नाही हो. सिमेंटचा आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? चौथऱ्यावर माजी नगराध्यक्षांचं नाव आहे!"

"नाव मागाहून कोरता येतं. नागडा आहे ना?"

"आहे."

"हातात थाळी?"

"आहे."

"मग? उद्या माझ्या गळ्याशी आलं तर? पुरातत्त्व खात्याकडून लिहून आणा की हा प्राचीन नाही."

हे ऐकून मला हसू आलं, आणि ते माझं त्या महिन्यातलं शेवटचं हसू होतं. आपल्या देशात जमिनीत कुदळ मारली की काहीतरी प्राचीन निघतं आणि घर बांधायचं राहून जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एखादी गोष्ट प्राचीन नाही हे सिद्ध करायला निघालेला पहिला माणूस मीच. खात्यातल्या लोकांना कळेना माझं काय करावं. "सापडलं काय?" विचारायचे. "काही नाही." "मग आलात कशाला?" "काही नाही तेच लिहून द्या." दोन कार्यालयांतून मला वेडा म्हणून सौजन्यानं बाहेर पाठवलं. शेवटी मिर्तो नावाची एक तरुण अधिकारी भेटली, तिला माझी दया आली. ती खरोखर मैदानावर आली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या फुगलेल्या गालांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"हा प्राचीन नाही," ती म्हणाली. "खरं तर चांगलाही नाही."

"ते दुसरं लिहू नका," मी हात जोडले.

कागद आणि सोबत अध्यक्ष घेऊन वासोबाईंकडे गेलो. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या की परवानगी आहे, पण क्रेन तुमची तुम्ही आणायची. मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. मंडळाची तिजोरी समारंभाच्या मिठाईत गेली होती आणि मिठाई योर्दानिसच्याच दुकानातून येणार होती. मग आम्ही दोघं पापा-स्त्रातिस यांच्याकडे गेलो. आमचे धर्मगुरू मोठे दिलदार. शर्यतींचे शौकीन आहेत, पण त्या घोड्यांच्या.

"त्यात काय मोठंसं!" पापा-स्त्रातिस म्हणाले. मी मनात म्हटलं, मेले हेही. "पुढच्या रविवारी थाळी फिरवू."

आता आमची एक राष्ट्रीय अडचण सांगतो. आमच्याकडे मैदानात फेकतात ती थाळी, कॉफी मांडून आणतात तीही थाळी, आणि चर्चमध्ये दानासाठी फिरते तीही थाळीच. पूर्वजांनी तत्त्वज्ञान काढलं, भूमिती काढली, लोकशाही काढली. पण या तीन वस्तूंना तीन शब्द काही त्यांना सुचले नाहीत, आणि त्याची फळं पांडेलिसला भोगायची होती.

रविवारी पापा-स्त्रातिस गंभीर आवाजात म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, पुढच्या रविवारी आपल्या एवान्थियाबाईंसाठी थाळी फिरेल. हात आखडता घेऊ नका." एवढंच बोलले. क्रेन सांगायची राहिली, पुतळा राहिला, मैदान राहिलं.

सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजली. शेजारच्या बाई मसुराच्या सुपाचं पातेलं घेऊन उभ्या. "सासूबाईंना द्या हो," त्या कुजबुजल्या. "आणि लाजू नका. वेळ सगळ्यांवर येते." मला काही कळायच्या आत दुसरी आली, भरलेले टोमॅटो घेऊन. मग द्राक्षाच्या पानांतला भात. मग अख्खी कोंबडी, शिजवलेली. दुपारपर्यंत फ्रिजचं दार लागेना. दुकानात गेलो तर गिऱ्हाईकं काचेतून डोकावून आत न येता जात होती. एक म्हातारबाबा आले, चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घेतला आणि जाता जाता म्हणाले, "पांडेलिस, रागावू नकोस, पण चष्मे एवढे महाग विकतोस आणि घरातल्या म्हातारीला जेवायला नाही?"

मी घरी येऊन टेबलावर मूठ आपटली. "आई, तुम्ही सांगा ना लोकांना! मी तुम्हाला उपाशी ठेवतो म्हणून गावभर बोंब झालीय!"

सासूबाई शांतपणे सूप पीत होत्या. "मसूर छान झालाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे मीठ कमी असतं."

"अहो, पण अब्रू..."

"जावईबापू, माझी साठ वर्षं गेली. तुमचा एक दिवस झालाय."

पुढच्या रविवारी थाळी फिरली. लोकांनी असं दान केलं की क्रेन दोनदा आणता आली असती. खरा प्रकार कळल्यावर एकानंही पैसे परत मागितले नाहीत. पण कुणी माझी माफीही मागितली नाही. कोंबडीवाल्या बाईंनी मात्र पातेलं परत मागितलं, तेही जरा घुश्शातच.

आता राहिली फेकायची थाळी. मंडळाची एकुलती एक जुनी थाळी कार्यालयाच्या दाराला अडसर म्हणून लावलेली होती, तिला वाळवीनं आतून खाल्लं होतं. मी म्हटलं, अथेन्समधून विकत आणतो. सासूबाई म्हणाल्या, "नाही. जावयाच्या खिशातली नको. आधी म्हणाले उपाशी ठेवतो, आता म्हणतील लाच दिली. मंडळाची स्पर्धा, सरकारी थाळी." तेव्हा पुन्हा वासोबाई.

"थाळी पाहिजे," मी म्हटलं. "समारंभासाठी. बायकांची."

"बायकांची वेगळी असते?"

"हलकी असते. एक किलोची."

"बरोबर आहे, बिचाऱ्यांचे हात दुखतात. रिकामी एक किलो की भरलेली?"

"भरलेली कशी असेल, बाई? रिकामीच."

खरं म्हणजे इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मागे रांग होती, बाहेर ऊन होतं, आणि सरकारी माणूस विचित्र बोलला तर आपल्याला ते नियमानुसार वाटतं.

"लाकडाची लिहा," मी म्हटलं, "कडेला लोखंड."

"लाकूड आता चालत नाही. आरोग्य खातं. स्टीलची येईल." मी म्हटलं, खेळ सुधारला असेल. "आणि एक मंजूर होत नाही. खोकंभर घ्यावी लागेल."

"खोकंभर थाळ्या कोण फेकणार?"

"साहेब," वासोबाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या (चष्मा माझ्याच दुकानातला), "नगरपालिकेत आम्ही काही फेकत नाही. जपून वापरतो." मी मान डोलावली. काटकसरीचा उपदेश आहे असं समजून घरी आलो.

इकडे सासूबाईंचा सराव सुरू झाला होता. रोज सकाळी गच्चीवर, पातेल्यांची झाकणं घेऊन. पहिल्या दिवशी कॅप्टनसाहेबांची तुळशीची कुंडी गेली, दुसऱ्या दिवशी टीव्हीचा अँटेना. कॅप्टन रागावले नाहीत. उलट खुर्ची टाकून बसले आणि सल्ले देऊ लागले. "एवान्थिया, माझं ऐक, वाऱ्याच्या उलट फेक!" देस्पिनाची सगळी झाकणं वाकडी झाली. आमच्या घरात तेव्हापासून पातेली उघडीच असतात.

एका संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "तुमच्या त्या गिऱ्हाइकाचा नंबर तपासा," त्या म्हणाल्या. "नवा चष्मा द्या त्याला. उत्तम काच. या वेळी त्याला सबब नको."

प्रोद्रोमोसचा नंबर तपासला. म्हातारा तक्त्यावरची सगळ्यात मोठी अक्षरं वाचताना म्हणाला, "पांडेलिस, ती अजून म्हणते का, पाय आत होता म्हणून?"

"रोज, काका."

त्यानं हनुवटी यंत्रावर टेकवली. नव्या काचा त्याला मी तीन वेळा बदलून दिल्या, कारण या बाबतीत चूक झाली असती तर मला घर सोडावं लागलं असतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी क्रेन आली. पुतळा हवेत गेला, फुगलेल्या गालांनी गावाकडे पाहत गोल फिरला आणि मैदानाच्या कडेला उतरला. चौथरा सरकला. खाली सिमेंटचं वर्तुळ जसंच्या तसं होतं, गंजलेल्या लोखंडी कड्यासकट. अध्यक्ष, कॅप्टन, क्रेनवाला, सगळे ओरडत होते. सासूबाई मात्र खाली वाकल्या, गुडघा धरून, हळूहळू, आणि कड्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लहान आहे हो. मला मोठं आठवत होतं." मला गलबलून आलं. इतके दिवस केलेली माझी वणवण त्या एका वाक्यात वसूल झाली, असं मला वाटलं. पण माझं असं वाटणं नेहमीच घाईचं असतं.

समारंभाला सगळं गाव लोटलं. बँड होता, भाषणं होती, ऊन होतं. पुरातत्त्व खात्याच्या मिर्तोलाही बोलावलं होतं, ती पुतळ्यापासून लांबची खुर्ची बघून बसली. नगराध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आपल्या प्राचीन परंपरेला साजेशी, नगरपालिकेच्या वतीनं, ही थाळी!" आणि त्यांनी सगळ्यांसमोर सीलबंद खोकं फोडलं.

आतून निघाले कॉफीचे ट्रे. स्टीलचे, गोल, चकचकीत. मधोमध नगरपालिकेचं बोधचिन्ह आणि खाली सुबक अक्षरांत: "आपले स्वागत आहे."

बँडवाल्यांना घोटाळा कळला नाही, ते वाजवत राहिले. नगराध्यक्षांनी ट्रे उलटा करून पाहिला. मग सुलटा. मग माझ्याकडे. त्या क्षणी सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, ज्या गावानं मला आधीच सासूला उपाशी ठेवणारा ठरवलं होतं.

"अर्जात थाळीच लिहिलंय!" वासोबाई मागून ओरडल्या. "बायकांची, रिकामी!"

"पांडेलिस," अध्यक्ष दात-ओठ खात म्हणाले, "अरे गाढवा..."

"त्याला काही बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "इकडे द्या."

त्यांनी ट्रे हातात घेतला. वजन पाहिलं, कडेला बोटं लावली, एकदा आरशासारखा धरून त्यात आपले केस नीट केले. "पातेल्याच्या झाकणापेक्षा बरा आहे," म्हणाल्या आणि बूट काढून वर्तुळात जाऊन उभ्या राहिल्या. प्रोद्रोमोस बाजूला उभा होता, नवा चष्मा लावून. झेंडे आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यानं एका हातात मिठाईच्या डब्यातला पांढरा कागदी रुमाल घेतला होता आणि दुसऱ्यात स्वतःचा लाल हातरुमाल.

बँड थांबला. सासूबाई एकदा झुलल्या, दोनदा झुलल्या, आणि ऐंशी वर्षांची ती बाई गर्रकन फिरली. देस्पिनानं माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले. ट्रे सुटला. उन्हात चमकत, तिरका होत, कुणी अपेक्षाही केली नव्हती इतका लांब गेला, अध्यक्षांच्या वडिलांच्या अंगणाच्या दिशेनं. मग वाऱ्यानं तो वळवला. कॅप्टन ओरडले, "वाऱ्याच्या उलट म्हटलं होतं!" आणि ट्रे जाऊन खाडकन पुतळ्यावर आदळला. थाळीफेक्याचा उजवा हात खांद्यापासून निखळून खाली पडला, थाळीसकट.

मिर्तो खुर्चीवरून उठून नीट पाहू लागली.

"आता जरा प्राचीन वाटतो," ती म्हणाली.

मग सगळ्यांच्या माना पंचाकडे वळल्या. प्रोद्रोमोस कड्यापाशी वाकून पाहत होता. तो सरळ झाला. त्यानं पांढरा रुमाल वर केला.

गाव उसळलं! शिट्ट्या, टाळ्या, बँड, पापा-स्त्रातिस आपली उंच टोपी सावरत उड्या मारत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. संपलं एकदाचं, म्हटलं. आता आमच्या घरात जेवणानंतर शांतता.

"थांबा!" सासूबाई गरजल्या. बँड पुन्हा थांबला. त्या वर्तुळातच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. "प्रोद्रोमोस, तुला दिसलं नाही का रे? पाय बाहेर गेला माझा!"

प्रोद्रोमोसनं रुमाल खाली घेतला.

"चांगला वीतभर बाहेर गेला. नवा चष्मा घालून दिलाय तुला. दिसला की नाही?"

"दिसला," तो पुटपुटला.

"मग पांढरा का?"

"म्हटलं... आता या वयात..."

"भीक नकोय मला! तेव्हाचं सांग. तेव्हा दिसला होता?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळं गाव ऐकत होतं, आणि आमचं गाव ऐकतं तेव्हा पानसुद्धा हलत नाही. "नाही, एवान्थिया," तो म्हणाला. "तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं. पाय मला दिसलाच नाही. सगळे ओरडायला लागले, झेंडा तर दाखवायला हवा. हातात लाल आला."

"हातात आला म्हणून दाखवलास?"

"हो."

"साठ वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता दुसरा ट्रे उचलतात. पण त्यांनी फक्त एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की तो इतकी वर्षं आत धरून ठेवला असावा. "मग आज तरी नीट दाखव," त्या म्हणाल्या.

प्रोद्रोमोसनं पांढरा रुमाल खिशात घातला आणि लाल रुमाल वर केला. ताठ, उंच, पंचानं धरावा तसा. सासूबाईंनी त्या लाल रुमालाला मान झुकवून नमस्कार केला आणि बूट घालायला खाली बसल्या. त्यांना उठवायला तो पुढे आला, त्याच्या हाताला धरून त्या उठल्या, आणि "किती हळू चालतोस रे!" असं त्याला ऐकवत ऐकवत मंचाकडे गेल्या. तिथे दोघांना कॉफी दिली गेली, नगरपालिकेच्या थाळीतून.

मला पुतळ्याच्या हाताबद्दल नगरपालिकेची नोटीस आली आहे. प्राचीन नसलेली वस्तू मोडल्याबद्दल. वासोबाई म्हणतात, ती प्राचीन नव्हती याचा पुरावा तुम्हीच आणून दिलात, आता कसं नाकारता? मी उत्तर लिहितोय.

पण त्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना सासूबाई माझ्या हाताला धरून जिना चढत होत्या. मधल्या पायरीवर थांबल्या, दम खाल्ला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्याचा चष्मा चांगला केलात हो."

लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली स्तुती. मी काही बोललो नाही, कारण काही बोललो असतो तर पुन्हा काहीतरी कबूल केलं असतं. वर जाऊन मी मुकाट्यानं बाथरूमचा नळ दुरुस्त करायला बसलो.